मनाची हजेरी

मुंबईहून विमानाने पश्चिमेला निघाले, की तीन तासांच्या आत मस्कत येते. मस्कत ही ओमान देशाची राजधानी. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उघडेबोडके, करड्या रंगाचे डोंगर. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर लांबच लांब पसरलेले आहे. तेथील शाळेत शिक्षक हजेरी घेतात तेव्हा मुले उत्तर देतात, ‘हादिर!’ मराठी कानाला हा शब्द अगदीच परका वाटत नाही. आपण वर्गात ‘हजर’ म्हणतो तो हाच. अरबीतून तो फारसीत गेला आणि फारसीतून मराठीत आला. ‘तारीख’, ‘इमारत’ आणि ‘अक्कल’ हे शब्दही याच वाटेने आपल्याकडे आले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, हजेरीपटावर खूण झाली, म्हणजे मूल वर्गात बसले आहे एवढे नक्की होते. त्याचे मन कोठे आहे, हे हजेरीपटावरून कळत नाही. ते घरी आजारी असलेल्या आईपाशी असेल, काल चारचौघांत झालेल्या अपमानापाशी असेल, किंवा फळ्यावरची अक्षरे आपल्यालाच उलटीसुलटी का दिसतात, या कोड्यापाशी अडलेले असेल. शाळेतल्या मुलाची अशी अडचण ओळखणे आणि ती दूर करायला मदत करणे हे ज्या शास्त्राचे काम आहे, त्याला शालेय मानसशास्त्र म्हणतात. या शास्त्राचे पुढे जगात काय होणार, याचा विचार करताना ओमानकडे पाहण्यासारखे आहे. कारण मोठ्या देशांना ज्या प्रवासाला शतक लागले, तो या छोट्या देशाला एका पिढीत करावा लागला.

१९७० साली ओमानमध्ये तीन शाळा होत्या. फक्त तीन! त्यांत मिळून सुमारे नऊशे विद्यार्थी शिकत होते आणि ते सारे मुलगे होते. मुलींसाठी सरकारी शाळाच नव्हती. त्या वर्षी २३ जुलैला सुलतान काबूस बिन सईद गादीवर आले आणि शाळा उघडण्याचा धडाका सुरू झाला. इमारती नव्हत्या तेथे तंबूत वर्ग भरले, झाडाखाली भरले. शिकवायला माणसे नव्हती, म्हणून इजिप्त, जॉर्डन, सुदान अशा देशांतून शिक्षक बोलावले गेले. १९८६ मध्ये सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले आणि ओमानी शिक्षक देशातच तयार होऊ लागले. आज तेथे हजाराहून अधिक सरकारी शाळा आहेत आणि त्यांत मुलांइतक्याच मुलीही शिकतात.

आता या बदलाकडे घराच्या आतून पाहा. आजोबांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. त्यांचे आयुष्य खजुराच्या बागेत किंवा मासेमारीच्या होडीवर गेले. वडील नव्या शाळांच्या पहिल्या पिढीतले. आणि नातू बारावीला बसला आहे; त्याला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, असे साऱ्या घराला वाटते. ज्या परीक्षेची भीती आजोबांनी कधी अनुभवलीच नाही, तिच्याविषयी ते नातवाला धीर तरी कसा देणार? आपल्याकडेही पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलांच्या घरी हेच घडत आले आहे.

ओमानच्या शाळांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. १९९८ पासून तेथे नवी मूलभूत शिक्षणपद्धती लागू होत गेली. तिच्यात पहिली ते चौथी मुले-मुली एकत्र शिकतात आणि त्यांना शिकवायला शिक्षिका असतात. पाचवीपासून मुलांची शाळा वेगळी, मुलींची वेगळी. नऊ-दहा वर्षांचा मुलगा एका सुटीनंतर नव्या इमारतीत जातो. तेथे बाई नसतात, गुरुजी असतात. आणि मैदानात त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुले असतात. मोठ्यांना हा बदल नित्याचा वाटतो. मुलाच्या दृष्टीने मात्र ते एक स्थलांतरच असते.

अशा वेळी मुलाने कोणाकडे जावे? ओमानच्या सरकारी शाळांत ‘सामाजिक तज्ज्ञ’ नेमण्याची पद्धत जुनी आहे. सतत गैरहजर राहणारी मुले, घरातली भांडणे, मुलांमधली मारामारी, गरिबी अशा गोष्टींत हा माणूस लक्ष घालतो. पुढे ‘मानसतज्ज्ञ’ हे पदही आले. पण तो अजून प्रत्येक शाळेत पोहोचलेला नाही. २००८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि शाळांत मार्गदर्शक नेमले गेले. कारण अकरावी-बारावीत कोणते विषय घ्यावेत याची निवड आता मुलांनाच करायची होती. गणिताचा कोणता पर्याय घ्यावा यावर पुढचे महाविद्यालय ठरणार असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवेच.

हे शास्त्र मुळात आले कोठून, तेही थोडक्यात पाहू. १८९६ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका शिक्षिकेच्या वर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. इतर विषयांत तो बरा होता. पण शब्द लिहायला सांगितले, की हमखास चुकायचा. त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळे होणे सोपे होते. ती बाई मुलाला घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या प्राध्यापकांकडे गेली. विटमर यांनी मुलाला तपासले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत दोष असल्याचे आढळले. त्याला चष्मा मिळाला. चष्म्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. म्हणून त्याला वाचन-लेखन वेगळ्या रीतीने शिकवावे लागले. त्याच वर्षी विटमर यांनी विद्यापीठात मुलांसाठी मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. पुस्तकांत विटमर यांचे नाव मोठ्या अक्षरांत असते. मला मात्र त्या शिक्षिकेचे कौतुक अधिक वाटते. मूल आळशी नसून अडलेले आहे, हे प्रथम तिला दिसले.

पुढचे मोठे पाऊल पॅरिसमध्ये पडले. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर सर्व थरांतली मुले शाळेत आली. त्यांतली काही मागे पडू लागली. कोणाला खास मदतीची गरज आहे ते कसे ओळखावे, याचा विचार करण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली. आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये बुद्धीची कसोटी तयार केली. सोप्यापासून अवघडापर्यंत तीस लहान लहान कामे तिच्यात होती. या कसोटीतून निघणारा आकडा कायमचा मानू नये, शिकवल्याने बुद्धी वाढते, असे बिने यांचे मत होते. कसोटी जगभर गेली. तिच्या कर्त्याचा इशारा मात्र पुष्कळदा पॅरिसमध्येच राहिला.

त्याचे परिणाम मुलांना भोगावे लागले. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना मतिमंदांच्या वर्गात घातले होते. त्यांच्या घरी स्पॅनिश बोलत आणि त्यांची कसोटी घेतली गेली होती इंग्रजीतून! १९७० मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेले. मुलांची कसोटी त्यांच्या भाषेतून पुन्हा घेतल्यावर बहुतेकांचे गुण इतके वाढले, की त्या वर्गात त्यांना ठेवण्याचे कारणच उरले नाही. मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतून घेतली पाहिजे, हे तेथील शिक्षण खात्याने मान्य केले. एका चुकीच्या मापाने मुलाची सारी शाळा, आणि शाळेनंतरचे आयुष्यही बदलून जाते, ते असे.

हे शहाणपण आपल्याकडे बरेच आधी आले होते, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. धारवाडच्या परिसरात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे रूपांतर कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केले. १९३४ मध्ये त्यांनी या कामाविषयी संशोधन-लेख प्रसिद्ध केला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर पुस्तक लिहिले. कामतांनी केवळ शब्दांचे भाषांतर केले नाही. येथल्या मुलांकडून प्रश्न सोडवून घेऊन कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला यावा, हे त्यांनी नव्याने ठरवले. ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ही कसोटी पुढे कित्येक दशके भारतात वापरली गेली. अजूनही ती काही ठिकाणी वापरात आहे. हे मात्र फारसे बरे नव्हे. १९३० नंतरच्या दशकातल्या मुलांवरून ठरवलेली माने आजच्या मुलांना लावणे, म्हणजे आजोबांच्या मापाचा सदरा नातवाला घालण्यासारखे आहे. कामतांनी केले ते काम प्रत्येक पिढीत पुन्हा करावे लागते.

ओमानमध्येही असे काम झाले आहे. रेव्हन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली एक रंगीत आकृत्यांची कसोटी आहे. नक्षीचा एक तुकडा कापून घेतलेला असतो आणि खाली दिलेल्या सहा तुकड्यांतून योग्य तुकडा निवडायचा असतो. यात भाषा जवळजवळ लागत नाही. तरीही इंग्लंडच्या मुलांचे मान ओमानच्या मुलांना लावणे बरोबर नव्हते. सुलतान काबूस विद्यापीठातल्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात पाच ते अकरा वर्षांच्या ओमानी मुलांवर ही कसोटी वापरून त्यांच्यासाठी वेगळी माने ठरवली.

आणि भाषा लागत असेल तेथे तर प्रश्न आणखी नाजूक होतो. ओमानच्या डोंगराळ भागात ‘फलज’ नावाचे पाण्याचे पाट आहेत. जमिनीखालून किंवा झऱ्यापासून पाणी उताराने गावात आणतात आणि शेतकऱ्यांमध्ये ते वेळेप्रमाणे वाटून घेतात. ‘अथर’ हे या वाटणीचे एक माप. ते साधारण अर्ध्या तासाचे असते. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ही वेळ मोजत असत. अशा पाच फलजांना २००६ मध्ये जागतिक वारसास्थळांत स्थान मिळाले. समजा, नझवा शहराजवळच्या खेड्यातल्या एका मुलाला विचारले, की एका केकचे आठ भाग केले आणि तीन भाग खाल्ले, तर किती उरले? तो गोंधळेल. त्यालाच विचारले, की आपल्या बागेचे पाणी तीन अथर आहे, त्यातले एक अथर काकांना दिले, तर झाडांना किती वेळ पाणी मिळेल? तो बोटेही न मोजता उत्तर देईल. अपूर्णांक त्याला येत नाहीत, की आपल्याला त्याच्याकडून ते काढून घेता येत नाहीत? आपल्याकडे विहिरीच्या पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या घरांतली मुलेही अशीच असतात.

ओमान म्हणजे केवळ अरबी भाषा, असेही समजू नये. तेथे घरी बलुची बोलणारी कुटुंबे आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारशी ओमानचे जुने नाते असल्यामुळे स्वाहिली बोलणारीही आहेत. दक्षिणेला धोफारच्या डोंगरांत शेहरी ही वेगळीच भाषा बोलतात. शिवाय पुस्तकातली अरबी आणि बोलण्यातली अरबी यांत पुष्कळ अंतर आहे. म्हणजे पहिलीत पाऊल टाकणाऱ्या कितीतरी मुलांना शाळेची भाषा नवीनच असते. मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारकडचे भिली बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा त्याची स्थिती याहून वेगळी नसते.

या देशात आपलीही मुले आहेत. ओमानमध्ये वीसहून अधिक भारतीय शाळा आहेत. इंडियन स्कूल मस्कत ही त्यांतली मोठी शाळा १९७५ मध्ये सुरू झाली. दारसैत, वादी कबीर, घुब्रा या मस्कतच्या उपनगरांत आणि सोहार, सूर, नझवा, सलाला अशा दूरच्या शहरांतही भारतीय शाळा आहेत. तेथे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम शिकवतात. नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांची मुले केरळ, तामिळनाडू, गुजरातमधल्या मुलांबरोबर तेथे शिकतात.

समजा, सांगलीहून एक मुलगी पाचवीत असताना मस्कतला गेली. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर अरबी. पहिले काही महिने ती वर्गात तोंड उघडत नाही. नव्या भाषेत आलेली मुले पुष्कळदा अशी गप्प राहतात. ती आतल्या आत ऐकत असतात, जुळवत असतात. हे ज्याला ठाऊक आहे, तो शिक्षक वाट पाहील. ज्याला ठाऊक नाही, तो ‘मुलगी मंद आहे’ असा शेरा मारील. कोणी अर्धा तास तिच्याशी मराठीत बोलले, तर ती सांगलीच्या मैत्रिणींची नावे, कृष्णेचा घाट, आजीची शिकवणी सारे घडाघडा सांगेल, आणि शेरा पुसावा लागेल. म्हणून परदेशातल्या शाळेत समुपदेशक नेमताना त्याला किती भाषा येतात, हे त्याच्या पदवीइतकेच पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

याची दुसरी बाजू कोकणात आहे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतले पुरुष आखाती देशांत कामाला आहेत. वडील मस्कतला आणि मूल श्रीवर्धनला किंवा दापोलीला. वडील वर्षा-दोन वर्षांनी येतात, बॅगा भरून वस्तू आणतात, महिनाभर राहतात आणि जातात. मूल रडत नाही, तक्रारही करत नाही. फक्त सुटी संपल्यावर काही दिवस त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेच्या दप्तरी या दिवसांची कोठेही नोंद नसते. ज्या वर्गात अशी दहा-बारा मुले आहेत, तेथील शिक्षकाला घराघरांतल्या येण्याजाण्याचे वेळापत्रक माहीत असले, तरी पुष्कळ काम होईल.

काही दुःखे अशी असतात, की ती साऱ्या वर्गावर एकदम कोसळतात. १४ एप्रिल २०२४ रोजी ओमानच्या उत्तर शर्कीया भागात मुसळधार पाऊस झाला. तेथे कोरड्या नदीपात्राला ‘वादी’ म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस वादीत पाण्याचा थेंब नसतो, आणि पाऊस पडला की काही मिनिटांत लोंढा येतो. समद अल् शान या गावाजवळ शाळकरी मुलांना नेणारे वाहन अशा लोंढ्यात वाहून गेले. सुमारे दहा मुले दगावली. त्यानंतर शाळा पुन्हा भरते, तेव्हा रिकाम्या जागा तशाच दिसत असतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाला काय सांगायचे? नाव हजेरीतून लगेच काढायचे, की काही दिवस ठेवायचे? पावसाचा आवाज आला की दचकणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर जाऊ द्यायचे का? हे प्रश्न अगदी व्यवहारातले आहेत आणि त्यांची उत्तरे शिक्षकाला आधीपासून ठाऊक असावी लागतात. त्या दिवशी पुस्तक उघडून शोधता येत नाहीत.

महाराष्ट्राला हा धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाला. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने भूकंपक्षेत्रातच, हराळी येथे, शाळा उभारली. मुलांना त्यांच्या मातीपासून दूर न्यावे, की तेथेच आधार द्यावा, यावर जाणत्यांचेही एकमत नसते. जेथे घरच उरलेले नाही तेथे दूर नेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि जेथे एखादा आजोबा, एखादी मावशी उरली आहे तेथे मूल त्यांच्याजवळच लवकर सावरते. ज्ञान प्रबोधिनीचा येथे आणखी एका कारणासाठी उल्लेख करायला हवा. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत बुद्धिमान मुलांचा शोध आणि जोपासना हे काम मानसशास्त्राच्या आधाराने चालत आले आहे. अडखळणाऱ्या मुलाइतकीच, पुढे धावणाऱ्या मुलाचीही वर्गात कुचंबणा होते, हे शाळा सहसा विसरतात.

मुंबईत तर या कामाचा पाया फार पूर्वी घातला गेला. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातले असे ते पहिलेच केंद्र. हीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. वाचन-लेखनात अडथळा असणाऱ्या, म्हणजे अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडथळ्याचा समावेश झाला आणि तो साऱ्या देशात मान्य झाला. तोपर्यंत अशी किती मुले ‘ढ’ म्हणून शाळेबाहेर पडली, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता जगाचा हिशेब मांडू. १९४८ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषदेने प्रत्येक देशाने शाळांसाठी मानसशास्त्रीय सेवा वाढवावी, अशी शिफारस केली. १९८२ मध्ये या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८३ देशांत शालेय मानसशास्त्र अस्तित्वात असल्याचे आढळले. त्यांतल्या ४८ देशांची आकडेवारी मिळाली आणि तेथे मिळून ७६,१०० मानसशास्त्रज्ञ असावेत, असा अंदाज निघाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेच्या मते पाचशे विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ हवा. हे प्रमाण भारताला लावून पाहा. आपल्या शाळांत सुमारे २४ कोटी विद्यार्थी आहेत. पाचशेने भागले, की उत्तर येते ४ लाख ८० हजार. म्हणजे ४८ देशांत मिळून जेवढी माणसे मोजली गेली, त्यांच्या सहापट माणसे एकट्या भारताला लागतील! इतकी माणसे नजीकच्या काळात तयार होणार नाहीत.

म्हणूनच या शास्त्राचे भवितव्य एका खोलीत बसलेल्या तज्ज्ञाच्या हाती राहणार नाही, असे दिसते. एक तज्ज्ञ आठ-दहा शाळांतल्या शिक्षकांना तयार करील, आणि मुलाकडे पाहण्याचे पहिले काम वर्गशिक्षकच करतील. फिलाडेल्फियातल्या त्या बाईंनी हेच केले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरांमागे जाऊन कुरणातच शाळा भरवली. त्यांना कोणी मानसशास्त्रज्ञ म्हणत नसे.

वाटेत आणखी एक मोठी धोंड आहे, ती संकोचाची. ओमानमध्ये मुलाचे वागणे बदलले, की काही घरांत नजर लागली किंवा जिन्नाची बाधा झाली, असे समजतात. आपल्याकडे दृष्ट काढतात, अंगारा लावतात. ‘मनाच्या डॉक्टरकडे नेले’ असे कळले, तर लोक मुलाला वेडा म्हणतील, ही भीती दोन्हीकडे सारखीच. आजीच्या समजुतीला हसून काम होत नाही. आजीने दृष्ट जरूर काढावी आणि मुलाला समुपदेशकाकडेही न्यावे, असे सांगणारा माणूस घराचा विश्वास लवकर मिळवतो. आणि मुलाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चघळली जाणार नाही, याची खात्रीही मुलाला हवी. त्याच्या जिवाला धोका असेल तरच ती योग्य माणसाला सांगायची, हा या व्यवसायाचा नियम आहे.

अलीकडे संगणकाशी बोलून मन मोकळे करता येते, असे सांगतात. दूरच्या खेड्यात जेथे कोणीच नाही, तेथे त्याचा थोडा उपयोग होईलही. पण धोफारच्या मुलाची शेहरी किंवा मेळघाटातल्या मुलाची कोरकू त्या यंत्राला कितपत कळणार, आणि मूल गप्प बसले तर त्या गप्पपणाचा अर्थ ते काय लावणार? कॅलिफोर्नियातल्या त्या नऊ मुलांच्या वाट्याला जे आले, ते यंत्राच्या हातून, आणि तेही लाखो मुलांच्या बाबतीत, पुन्हा घडू नये म्हणून आतापासून जागे राहावे लागेल.

भारतात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे त्यांत म्हटले आहे. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेला हा तज्ज्ञ कोठून मिळेल, हे आता जिल्ह्याजिल्ह्याने ठरवायचे आहे.

तोपर्यंत काही दारे उघडी आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ १९९८ पासून परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देत आले आहे. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे देशभर पोहोचला. मनावर ताण असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.